वाचकांचे प्रश्न : नवा जंतू सापडला म्हंजे नक्की काय झालं?

मागच्या अंकात सिएरा लिओनमधल्या चिंपांझींच्या मृत्यूंशी संबंध असलेल्या नव्या जिवाणूबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज एवढे आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्याच्यावरच करतेय. बरेचसे प्रश्न गोठ्यातून आलेत, काही कॉलेजातून, एक तर आजारी माणसाच्या उशाशी बसूनच लिहिलेला होता, त्यांना आधी फोन केला आणि मग इथे उत्तर लिहिलं. नावं छापत नाही, गाव तेवढं देतेय.

प्रश्न : नवीन बॅक्टेरिया सापडला अशी बातमी आली की घरात नुसती भीती. हा जंतू आत्ता जन्माला आला का? आणि आला कुठनं? आमच्यात आठ म्हशी हाईत, आम्ही आता काय वेगळं करायचं? (दूध उत्पादक, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : दादा, बहुतेक वेळा तो जंतू पूर्वीपासून असतोच, आपल्या हाताला आत्ता लागलेला असतो. १९७६ सालची गोष्ट बघा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि घरी गेल्यावर लोक न्यूमोनियानं पटापट आजारी पडायला लागले, बरेच दगावले, आणि महिनोन्महिने कुणालाच कारण सापडेना. सीडीसी म्हंजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतले जोसेफ मॅकडेड रुग्णांचे नमुने टोचलेल्या गिनीपिगच्या स्लाइड बघत होते, त्यांना सुरुवातीलाच एखाददुसरा दांडीसारखा जिवाणू दिसलेला, पण बाहेरून काहीतरी पडलं असेल म्हणून तो बाजूला राहिला. वर्षअखेरच्या सुट्टीत ते परत त्याच स्लाइड घेऊन बसले, चिकाटीनं बघत राहिले, आणि एका जागी त्या दांड्यांचा पुंजका दिसला. तोच पुढे लिजिओनेला म्हणून जगाला माहीत झाला. पण मला ह्याच्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. जुनं, साठवून ठेवलेलं सीरम, म्हंजे रक्तातलं वरचं पाणी, फ्रीजरमधून काढून तपासलं तर १९६५ आणि १९६८ सालच्या साथी, ज्यांचा तेव्हा उलगडाच झाला नव्हता, त्या ह्याच जंतूच्या निघाल्या. म्हंजे तो दहा वर्षं आधीपासून माणसं आजारी पाडत होता. कुणीतरी ते सीरम फेकून न देता जपलं म्हणून हे कळलं. खालच्या उत्तरांत मी सारखं नमुना पाठवा, नमुना जपा म्हणणार आहे, ते एवढ्यासाठी.

आणि बातमीत "नवीन" छापलं म्हणून ती नवी जात असेलच असंही नाही. साल्मोनेलाच्या जाती मानतात दोनच, पण त्यातले उपप्रकार, ज्यांना सिरोव्हार म्हणतात, ते अडीच हजाराच्या वर आहेत. त्यातला एखादा पहिल्यांदा आपल्या भागात सापडला तरी पेपरात नवीन जंतू म्हणून येतो. जुनाच जंतू पण औषधाला दाद देईना, तरी तोही नवीनच छापतात. तुमच्या आठ म्हशींना आज वेगळं काही करायचं नाही, घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी, आणि एकाच वेळी दोन-तीन जनावरं सारख्याच लक्षणांनी आजारी पडली की डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, दोन दिवस वाट बघून नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. दुसऱ्या म्हशीचा जार अडकला, तो धाकट्या भावानं हातानं काढला. आता भावाला तीन आठवडे झाले रोज संध्याकाळी ताप, रातभर घाम, कंबर धरलीया. टायफॉइडचा कोर्स झाला, फरक न्हाई. रिपोर्टात काय दिसंना. हा कुठला नवीन जंतू तर न्हाई ना? (कागल तालुका)

उत्तर : दादा, फोनवर बोललो तेच इथे लिहिते कारण हे कागल, करवीर, पन्हाळा कुठेही घडू शकतं. डॉक्टरांकडे आजच परत जा आणि पहिलं वाक्य हे सांगा की घरात म्हशीनं गाभ टाकला होता आणि भावानं हातमोजे न घालता जार काढला होता. तापाच्या पेशंटला जनावरांबद्दल विचारायचं गर्दीच्या ओपीडीत राहून जातं, आणि आपल्यालाही ते सांगण्यासारखं वाटत नाही. नव्या जंतूचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. ह्या वर्णनात पहिला संशय येतो ब्रुसेलावर, जनावरांत त्यालाच आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो. माणसात ह्याचा ताप चढउतार करत आठवडेच्या आठवडे चालतो, घाम, सांधे, कंबर, कधी अंडकोष सुजतं. टायफॉइड किंवा टीबी समजून औषधं होतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. रक्ताची तपासणी आहे, रोझ बेंगाल म्हणून, झटपट होते, पक्कं करायला पुढची टेस्ट आणि ब्लड कल्चर, म्हंजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. औषधं असतात पण एक नाही दोन मिळून, आणि किमान सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडली तर परत उलटतं. कुठली आणि किती ते डॉक्टरच ठरवतील.

कल्चर पाठवताना लॅबला "ब्रुसेलाचा संशय" असं चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा. ह्याला दोन कारणं आहेत. हा जंतू लॅबवाल्यांना सहज लागतो, श्वासातून सुद्धा, त्यामुळे बंद कॅबिनेटमध्येच हाताळायला लागतो. आणि तो सावकाश वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, उजेडासमोर धरले तर फिकट मधाच्या रंगाचे, अर्धपारदर्शक. स्टेन केला तर मायक्रोस्कोपखाली बारीक वाळू सांडल्यासारखं दिसतं, एवढे छोटे. घाईत बघणाऱ्याला ते कचऱ्यासारखे वाटू शकतात. ऑटोमॅटिक मशीन सुद्धा कधी कधी ह्याला ऑक्रोबॅक्ट्रम म्हणून सांगतं, तो ह्याचा जवळचा भाऊबंद, मातीत राहणारा आणि एरवी फारसा त्रास न देणारा. चिठ्ठीवर संशय लिहिलेला असेल तर बघणारा माणूस मशीनवर विसंबत नाही.

आता जनावराचं. गाभ टाकला की वासरू आणि जार कुत्र्याला टाकतात नाहीतर ओढ्यात सोडतात, ते बंद करायला पाहिजे. पशुवैद्यकांना बोलवा, ते मेलेल्या वासराच्या पोटातलं पाणी, फुप्फुस, प्लीहा, जारेचा तुकडा आणि म्हशीचं रक्त घेतात, डबल पिशवीत बर्फावर ठेवून पाठवतात. आपल्याकडचे नमुने पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागात जातात. उरलेलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, हातमोजे-मास्क घालून, आणि गरोदर बाईनं त्या बाजूला फिरकायचंच नाही. गाभ टाकलेली म्हैस काही दिवस वेगळी बांधायची.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीनं लिहितेय कारण ह्या रोगाचा इतिहासच तसा आहे. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस ह्या लष्करी डॉक्टरनं तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू काढला. १८९७ साली डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग ह्या पशुवैद्यकानं गाभ टाकणाऱ्या गाईंतून एक जंतू काढला. माणसाच्या डॉक्टरनं आपल्या जंतूला गोल म्हटलं, जनावराच्या डॉक्टरनं आपल्याला दांडी म्हटलं, दोन वेगळ्या गटांत नावं पडली आणि कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघितलेच नाहीत. अॅलिस इव्हान्स ह्या अमेरिकन बाईंनी ते केलं. त्या दुधातल्या जंतूंवर काम करायच्या. १९१८ साली त्यांनी छापून सांगितलं की हे दोघे अगदी जवळचे आहेत आणि कच्च्या दुधातून माणसाला धोका आहे. मोठमोठ्या लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. पुढे त्यांना स्वतःलाच लॅबमध्ये हा आजार झाला आणि वर्षानुवर्षं त्रास देत राहिला. तुमच्या घरात म्हशीचा डॉक्टर वेगळा, भावाचा वेगळा, आणि दोघांची एकमेकांशी गाठ नाही, म्हणून म्हणते, त्या दोघांचे फोन नंबर एकमेकांना देऊन टाका.

एक राहिलं. ब्रुसेलाची एस-१९ लस सरकारी योजनेत फुकट देतात, चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच, आयुष्यात एकदाच. रेड्यांना, बैलांना, गाभण म्हशीला नाही. लस जिवंत जंतूची असते, म्हणून टोचणाऱ्यानं सुईपासून जपायचं.

प्रश्न : मी एमएस्सी मायक्रोला आहे. मॅस्टायटिसच्या (कासेच्या सुजेच्या) दुधातून आम्हाला एक आयसोलेट (वेगळा वाढवलेला जंतू) मिळालाय, मॅल्डी मशीननं नाव दिलं नाही, १६एस (जंतू ओळखायला वाचतात तो जीन) केलं तर सगळ्यात जवळच्या स्पीशीजशी ९८.२ टक्के मॅच आली. ग्रुपमधली मुलं म्हणतात नवीन स्पीशीज आहे, पेपर टाकू. टाकावा का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आधी तुझं कौतुक की मॅल्डीनं नाव दिलं नाही तरी प्लेट फेकली नाहीस. अशाच प्लेटा फेकल्या जातात. पोटातल्या अल्सरच्या जंतूचं तेच झालेलं, ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरनच्या लॅबमध्ये प्लेटा दोन दिवसांनी टाकून द्यायचे, १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत त्या जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर उगवला. २००५ साली नोबेल मिळालं.

आता तुझ्या आयसोलेटचं. मॅल्डी-टॉफ प्रोटीनच्या वजनांचा ठसा घेतं आणि आपल्या डेटाबेसमध्ये शोधतं. नाव आलं नाही ह्याचा अर्थ एवढाच की डेटाबेसमध्ये नाही किंवा ठसा खराब आलाय. परत कर, ताज्या कॉलनीवर. कल्चर प्युअर आहे का ते परत स्ट्रीक करून, म्हंजे प्लेटवर रेघा ओढून वेगळं वाढवून बघ, निम्म्या "नवीन" जाती तिथेच विरघळतात असा माझा अनुभव आहे. मग १६एस. तो जीन साधारण दीड हजार बेसचा, तुझ्याकडे पूर्ण आलाय की पाचशेचा तुकडा? तुकड्यावर ९८.२ ला काही किंमत नाही. पूर्ण असेल तर हो, ९८.७ च्या खाली आलं की नवी जात असू शकते असं मानायला जागा आहे, पण ती फक्त पुढचं काम करायची परवानगी समज. उलटंही लक्षात ठेव, वरच्या उत्तरातल्या ब्रुसेलाच्या जुन्या जातींचा १६एस एकमेकांशी सारखाच येतो, मेंढीचा, गाईचा, कुत्र्याचा, तरी त्या वेगळ्या जाती मानतात. म्हंजे ह्या एका जीनवर दोन्ही बाजूंनी फसायला होतं.

खरा निकाल आता अख्ख्या जीनोमवर लागतो. तुझ्या आयसोलेटचा जीनोम आणि जवळच्या सगळ्या जातींच्या टाइप स्ट्रेनचे (ज्या मूळ नमुन्यावरून जातीचं नाव ठरतं त्याचे) जीनोम घेऊन एएनआय काढायचा, म्हंजे दोघांचा डीएनए सरासरी किती टक्के जुळतो ते. ९५-९६ च्या खाली आला तर वेगळी जात. पूर्वी हेच काम दोघांचे डीएनए एकत्र गरम-गार करून किती चिकटतात त्यावर करायचे, ७० टक्क्यांची रेघ होती, आणि त्याला फार हात लागायचा. टाइप स्ट्रेनशीच तुलना कर हां, एनसीबीआय ह्या सार्वजनिक डीएनए डेटाबेसवर कुणीही काहीही नावानं टाकलेले जीनोम असतात, त्यांच्याशी केलीस तर सगळंच चुकेल.

आकडे जुळले तरी काम संपत नाही. कुठल्या तापमानाला वाढतो, मिठात किती तग धरतो, कुठली साखर खातो, फॅटी ॲसिड कुठली, हे शेजारच्या जातींसोबत एकाच वेळी, एकाच टेबलावर करून दाखवायला लागतं. मग स्ट्रेन किमान दोन देशांतल्या दोन कल्चर कलेक्शनमध्ये, म्हंजे जंतू जपून ठेवणाऱ्या संस्थांत, जमा करायचा, जेणेकरून जगात कुणालाही मागवून तपासता येईल. आपल्याकडे चंदीगडला एमटीसीसी आहे आणि पुण्यात एनसीएमआर आहे, पुण्याचं तर आपल्याला बसनं जाऊन येण्यासारखं. आणि नाव अधिकृत व्हायला ते आयजेएसईएम ह्या जर्नलमध्ये छापून यावं लागतं किंवा दुसरीकडे छापलं असेल तर त्यांच्या यादीत घालून घ्यायला लागतं. नुसतं वर्तमानपत्रात किंवा कुठल्याशा पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये आलं तर ते नाव धरत नाहीत.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुझ्याकडे एकच आयसोलेट आहे. एकावर जात जाहीर करता येते, नियमात बसतं, पण मी असते तर त्या गोठ्यात परत गेले असते. तीच म्हैस, शेजारची म्हैस, धार काढणाऱ्याचे हात, कासेला लावायचं फडकं, पाण्याची बादली. आजारी सडात आहे आणि निरोगी सडात नाही असं दिसलं तर तुझ्या हातात नुसत्या नावापेक्षा मोठं काहीतरी येईल. चेक देशात शेतातल्या उंदरांसारख्या व्होल ह्या प्राण्यांची मर झाली तेव्हा त्यांच्यातून काढलेल्या जंतूला बायोकेमिकल किटनं ऑक्रोबॅक्ट्रमचं नाव दिलं होतं. तो इतक्या भरभर वाढायचा की ब्रुसेला असेल असं कुणाच्या डोक्यातही येणार नाही, पण लोकांनी सोडलं नाही आणि २००८ साली ती ब्रुसेला मायक्रोटी म्हणून नवी जात ठरली. पेपर टाक, पण ह्या वर्षी नको.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. कॉखचे नियम वर्गात शिकवत आलो. जंतू आजाऱ्यात सापडला पाहिजे, वेगळा वाढवता आला पाहिजे, निरोग्याला टोचल्यावर तोच आजार झाला पाहिजे. नव्या जंतूच्या बाबतीत हे माणसावर कसं करणार? आणि चिंपांझींवर तरी कसं केलं? (राजारामपुरी)

उत्तर : सर, केलं नाही, आणि करूही नये. चिंपांझींचं नीट सांगते. सिएरा लिओनमध्ये टाकुगामा नावाचं अभयारण्य आहे, अनाथ चिंपांझींना सांभाळणारं. तिथे २००५ पासून दरवर्षी काही चिंपांझी अचानक दगावायचे, झोकांड्या खात, फिट येऊन, पोट फुगून, औषधाला वेळच मिळायचा नाही. मार्चच्या आसपास जास्त. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी साठवलेले नमुने तपासले, विषाणू, परजीवी, जिवाणू सगळं धुंडाळलं, आणि आजारी जनावरांच्यात सारसिना नावाच्या जंतूचा एक प्रकार सापडला, चार-चार पेशी घडी घातल्यासारख्या चिकटलेल्या, निरोगी चिंपांझींच्यात मात्र नाही. एका मेलेल्या चिंपांझीच्या मेंदूतूनही तो मिळाला. सारसिना माणसाच्या पोटात १८४२ पासून माहीत आहे पण जीनोम काढल्यावर हा वेगळा निघाला आणि २०२१ साली त्यांनी सारसिना ट्रोग्लोडायटी असं नाव सुचवलं. निरोग्याला टोचून बघायचा नियम तिथे पुरा झालेला नाही, चिंपांझीवर तसा प्रयोग कुणी करणारही नाही, म्हणून ते "संबंध आहे" असं म्हणतात, "हेच कारण" असं ठाम म्हणत नाहीत. मला ही सचोटी आवडते. ह्याच्यातून माणसं आजारी पडली असं काही आढळलेलं नाही हेही सांगते, कारण तीन पत्रांत तीच धास्ती होती.

आता नियमांऐवजी पुराव्यांची रास बघतात. जंतूचा डीएनए आजारी भागात आहे का, बरा झाल्यावर कमी होतो का, रोग्याच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी वाढतायत का, टिशूच्या कापात तो नेमका जिथे इजा झालीय तिथेच दिसतोय का. १९९६ साली फ्रेड्रिक्स आणि रेलमन ह्या दोघांनी हे नीट मांडलं. रेलमननी त्याआधी एड्सच्या रुग्णांच्या गाठींतून, प्लेटवर काहीही न वाढवता, फक्त १६एस वाचून एक अनोळखी जंतू पकडला होता, तो पुढे बार्टोनेला हेन्सेली म्हणून ओळखला गेला, मांजराच्या ओरखड्यानं होणाऱ्या तापाचा तोच जंतू. आणि व्हिपल ह्या आतड्याच्या दुर्मीळ आजाराचं तर १९०७ साली डॉक्टर व्हिपलनी टिशूत दांड्या बघितल्या, १९९२ साली जीनवरून ओळख पटली, आणि लॅबमध्ये वाढवायला २००० साल उजाडलं. मार्शलनी मात्र १९८४ साली हेलिकोबॅक्टरचं कल्चर स्वतःच पिऊन टाकलं आणि पोटाला सूज आणून घेतली. धाडस खरं, पण विद्यार्थ्यांना सांगताना हे सांगू नये असंच मला वाटतं.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती घातली होती. आता वाचलं की लेप्टोच्या पन्नास-साठ जाती आहेत. मग पुराच्या पाण्यातनं दरवेळी नवीन येतो का? टेस्ट कुठल्या जातीची करतात? (शिरोळ)

उत्तर : २०१९ साली एका मोठ्या अभ्यासात जगभरच्या माती-पाण्यातून काढलेल्या लेप्टोस्पायराचे जीनोम एकत्र बघितले आणि ३० नव्या जाती एकदम जाहीर झाल्या, एकूण ६४ झाल्या. ऐकायला भयंकर वाटतं, पण नव्यांपैकी बहुतेक माती-पाण्यातच गुण्यागोविंदानं राहणाऱ्या आहेत. माणसाला गंभीर आजार करणाऱ्या थोड्याच, आणि त्या जुन्या ओळखीच्या. पुराच्या पाण्यानं नवीन जंतू येत नाही, उंदराच्या, जनावराच्या लघवीतला जुनाच जंतू सगळीकडे पसरतो आणि पायाच्या भेगांतून, खरचटल्या जागेतून आत शिरतो.

टेस्टचं म्हणाल तर दवाखान्यात जी झटपट टेस्ट होते ती आपलं शरीर लेप्टोशी लढतंय का एवढंच सांगते, जात सांगत नाही, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. जंतू वाढवायचा म्हटलं तर आठवडे लागतात, कधी महिने, त्यामुळे उपचार त्याच्यासाठी कुणी थांबवत नाही आणि थांबवूही नये. पाण्यात उतरल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं की लगेच सरकारी दवाखाना. आगाऊ गोळी घ्यायची का ते तिथले डॉक्टर सांगतील. गाई-म्हशींनाही लेप्टो होतो, दूध एकदम आटतं, गाभ जातो, म्हणून गर्भपाताचे नमुने पाठवताना ब्रुसेलाबरोबर लेप्टोही तपासायला सांगा.

प्रश्न : गंगावेशीतलं धारोष्ण दूध तीन पिढ्या पितोय, तालमीतली पोरं पितात, कुणाला काही झालं नाही. तुम्ही उगीच घाबरवताय. (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : काका, समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देण्यात जो आनंद आहे तो मला कळतो, मी ह्याच गावची आहे. पण म्हैस दिसायला धडधाकट असताना तिच्या दुधातून ब्रुसेला येऊ शकतो, डोळ्यांना, जिभेला काही कळत नाही. माल्टात तेच होतं, १९०५ साली झामिट ह्या डॉक्टरला धडधाकट शेळ्यांत जंतू सापडला, सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झटकन खाली आला. टीबीचंही आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले ९४० नमुने तपासून २०२० साली जे छापलं त्यात सात रुग्णांच्यात मायकोबॅक्टेरियम ओरिजिस मिळाला, ज्याला वेगळ्या उपजातीचा दर्जा द्यावा असं २०१२ साली सुचवलं गेलं होतं, आणि गाईचा टीबी म्हणून ज्याचं नाव सगळे घेतात तो बोव्हिस एकाही नमुन्यात नव्हता. म्हंजे आपल्या देशात जनावरांकडून येणारा टीबी शोधताना आपण बहुतेक चुकीचं नाव शोधत होतो. कुणाला काही झालं नाही असं म्हणताना, महिनाभर ताप येऊन गेलेल्याला दुधाचं कुणी विचारलं होतं का हाही प्रश्न आहे. पाहिजे तर कट्ट्यावर जा, दूध घ्या, घरी आणून उकळा आणि मग प्या.

प्रश्न : शाहू महाराजांच्या काळात प्लेग आला तेव्हा आमचं घर माळावर झोपडीत राहिलं होतं असं आजी सांगायची. नातू आता म्हणतो प्लेगचा जंतू वेगळी जातच नाही. खरं का? आणि नवीन जंतूला आपल्या गावाचं नाव देता येतं का? (करवीर)

उत्तर : नातू अभ्यास करतोय, छान. हाँगकाँगमध्ये १८९४ साली येरसिननी शोधलेला प्लेगचा जंतू आणि येरसिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस नावाचा पोटदुखी करणारा जंतू ह्यांचा डीएनए इतका जुळतो की वर नियम सांगितले त्यानं ते एकच व्हायला पाहिजेत. काही हजार वर्षांपूर्वी ह्याच्यातूनच प्लेगचा फुटला. दोन्ही एका नावाखाली घ्यावेत असा प्रस्ताव आलाही होता.

गावाचं नाव देता येतं, लॅटिनच्या व्याकरणात बसवून. स्वतःचं नाव मात्र स्वतः द्यायचं नसतं असा संकेत आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी फुगा वर सोडून गोळा केलेल्या हवेत जे जंतू मिळाले त्यातल्या एकाला २००९ साली आर्यभटाचं नाव दिलंय. प्लेगच्या नावाचं विचाराल तर १९८५ साली नावं ठरवणाऱ्या आयोगानं तो एकत्र करायचा प्रस्ताव फेटाळला, कारण लॅबच्या रिपोर्टवर ते दुसरं नाव वाचून एखाद्या डॉक्टरला प्लेग आहे हे कळलंच नाही तर माणसं मरतील. म्हणून तो आजही येरसिनिया पेस्टिस म्हणून वेगळाच लिहितात.